उन्हाला विचारून सांगते

कुमुदताई राऊत कुणाला जेवायला बोलवायच्या तेव्हा वार सांगायच्या, वेळ सांगायच्या नाहीत. आम्ही गोखिवऱ्याच्या सोसायटीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी आमचं दार वाजवलं. उंच, काटक बाई, पदर कमरेला खोचलेला, हातात एक काळंकुट्ट पातेलं. "सामान लावायचंय अजून तुमचं. आज सैपाक करू नका, आमच्याकडं जेवायला या," म्हणाल्या. किती वाजता येऊ, असं मी विचारलं. त्यांनी जिन्याच्या खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उन्हाला विचारून सांगते."

मी आणि माझी बायको शैला घड्याळाकडे बघत बसलो. साडेबारा झाले, दीड झाला. दोन वाजता शैलाने खोक्यातून चिवड्याची पिशवी शोधून काढली. साडेतीनला खालच्या मजल्यावरून हाक आली, "मास्तर, या! झालं!" मी माणिकपूरच्या एका शाळेत शिकवतो हे त्यांना एका दिवसात कळलं होतं आणि तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमचा मास्तर झालो. जेवायला भात, वालाचं बिरडं आणि उकडलेली रताळी होती. भात इतका सुरेख होता की शैलाने चिवड्याची गोष्ट कुणाजवळ काढायची नाही असं मला डोळ्यांनीच बजावलं.

या उशिराचं कारण गच्चीवर होतं. सुटकेसच्या आकाराची एक पत्र्याची पेटी, वर काच, झाकणाला आतून आरसा आणि आत काळ्या रंगाची चार भांडी. सूर्यचूल. एके काळी अनेक घरांनी हौसेने आणली आणि चार महिन्यांत माळ्यावर टाकली, तीच ही वस्तू. कुमुदताई मात्र रोज नऊ वाजता तांदूळ-डाळ धुऊन दुसऱ्या मजल्यावरून गच्चीवर जायच्या, पेटी लावायच्या आणि मग दर अर्ध्या तासाने ती सूर्याकडे फिरवायला परत वर जायच्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून बायका वेळ ओळखायच्या. शैला म्हणायची, "ताईंची चौथी फेरी झाली, आता कुकर लावायला हवा."

गंमत म्हणजे या बाईंनी तीस वर्षं गोखिवऱ्याच्याच एका कारखान्यात गॅसच्या शेगड्यांचे बर्नर खोक्यात भरले होते. मी एकदा त्यांना त्यावरून छेडलं, तर जराही न लाजता म्हणाल्या, "तवा कोन विचारत होतं? त्या मालानं पोट भरलं, त्याला नावं नाय ठेवनार. पन घरात तरी आपल्या मनाचं करू द्या."

पेटीसुद्धा काही त्यांच्या मनाने आली नव्हती. त्यांना हवं होतं शिवणयंत्र. त्यांचे यजमान एका प्रदर्शनाला यंत्र बघायला म्हणून गेले आणि ही पेटी खांद्यावर मारून घरी आले. ताई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी, नवऱ्याला खोटं पाडायचं म्हणून, त्यांनी पेटीत तांदूळ लावले, आणि नेमका भात शिजला. "माझी फजिती झाली ना मास्तर! भांडायला काय उरलंच नाय." पुढे यजमान गेले. आम्ही राहायला आलो त्याच्याही आधीची ही गोष्ट. पण पेटीचं झाकण उघडताना ताई अजून पुटपुटायच्या, "बघा, शिजला हो तुमचा भात." मला ते ऐकू आलंय हे त्यांना कळलं की लगेच माझ्यावर कशावरून तरी ओरडायच्या.

ओरडायला कारणं भरपूर होती. नाक्यावरच्या डेअरीत मी स्कूटरने जायचो. "अर्धा लिटर दूध आनायला एवढी मोठी गाडी हलवता? दूध तरी लाजत असेल." जिन्यातला दिवा दिवसा चालू दिसला की त्या सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "कोनाला दिसत नाय रे उन्हाचं?" बरं, स्वतःला तरी सवलत द्यावी, तर तेही नाही. पेटीत भाकरी होत नाही, फोडणी होत नाही. तेवढ्यापुरता त्या गॅस लावायच्या आणि त्याला म्हणायच्या "भाकरीपुरता गुन्हा". पावसाळ्यात चार महिने पेटी घरात यायची. त्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर पोलीस स्टेशनात हजेरी लावून आल्यासारखा भाव असायचा. श्रावणात दोन तास ऊन पडलं, तर त्या भर पूजेतून उठून पेटी घेऊन वर पळायच्या. देवाला मात्र सांगून जायच्या.

एकदा मी हौसेने त्यांना शाळेत पर्यावरण दिनाला पाहुण्या म्हणून बोलावलं. मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'पर्यावरणप्रेमी' अशी करून दिली. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते पर्यावरन मला काय एवढं म्हाईत नाय. मला माझं घर म्हाईत हाय. तुम्ही सगळी हिकडं येऊन बसलात, वर्गातले पंखे कोनी बंद केले?" मुलांनी सगळ्या वर्गांतले बंद केले होते. शिपाई बघून आला, तर शिक्षकांच्या खोलीतले चार पंखे आणि सहा दिवे रिकाम्या खुर्च्यांसाठी चालू होते. ताई म्हणाल्या, "आता बंद झाले ना? मग झालं माझं भाषन." आणि खाली बसल्या. त्यानंतर वर्षभर शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.

हा उन्हाचा नाद त्यांच्यात कुठून आला, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांचं माहेर खाडीकाठचं, भातशेतीचं, पण आजोळ सांडोरला केळीच्या वाडीत. तिथे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, त्याची सुकेळी व्हायची. लहानपणी सुट्टीत आजोळी गेलं की कुमुदचं काम एकच, केळ्यांच्या चटया सावलीतून उन्हात सरकवत राहायच्या. झाडाची सावली चटईवर आली आणि कुमुदच्या लक्षात आलं नाही, की आजीची चापट बसायची. "आजी बोलायची, ऊन काय आपल्या दारात बसून ऱ्हात नाय. त्याच्या मागं आपन जायचं." बाईंना साठ वर्षांपूर्वीची ती चापट अजून आठवत होती आणि त्या अजून उन्हाच्या मागे जात होत्या.

मग आमच्या दक्षिणेला वीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला. पावसाळा संपून थंडी लागली तशी त्याची सावली आमच्या गच्चीवर येऊन पडली, नेमकी ताईंच्या पेटीवर. वर्षभर त्या पेटी घेऊन गच्चीभर हिंडल्या. त्याच वर्षी गच्चीवर हिरव्या ऑइलपेंटच्या रेघा दिसू लागल्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मला वाटलं, वॉटरप्रूफिंगवाल्याने गळतीच्या खुणा केल्या असतील. मी त्याला दोनदा फोन करून 'त्या हिरव्या भागाचं काय झालं' म्हणून दम दिला. त्या बिचाऱ्यानेही दोन्ही वेळा 'करून टाकतो' म्हणून सांगितलं. शेवटी ताईंना टाकीपलीकडचा पश्चिमेचा कोपरा सापडला. बाराही महिने तिथे ऊन. तेव्हापासून तो कोपरा त्यांचा झाला. आपली कपड्यांची दोरीसुद्धा तिथे बांधायची कुणाची छाती नव्हती.

अशातच आमच्या सोसायटीने गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचं ठरवलं. पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालवायचे. ताई ही गोष्ट गेली दहा वर्षं प्रत्येक सभेत बोलत होत्या आणि आम्ही दहा वर्षं 'पुढच्या सभेत घेऊ' म्हणत होतो. आता एकदाचं सगळ्यांना पटलं. कंपनीचा माणूस मे महिन्यात आला, गच्चीचं माप घेऊन गेला. त्या दिवशी मीच त्याच्या कानाला लागलो. "हे बघा, तो पश्चिमेचा कोपरा सोडा. तिथे एका बाईंची चूल असते. तिला हात लावलात तर तुम्हीही घरी जाणार नाही आणि मीही नाही." त्याने हसून पूर्वेच्या अर्ध्या गच्चीवर पॅनेल दाखवली. मे महिन्यात तिथे लख्ख ऊन होतं.

नकाशा घेऊन मी मोठ्या ऐटीत ताईंकडे गेलो. "ताई, तुमचा कोपरा वाचवला!" त्यांनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला. पूर्वेच्या बाजूवर बोट ठेवलं, काढलं. मला वाटलं, आता चहा मिळेल. त्या फक्त म्हणाल्या, "बरं." आणि नकाशा परत दिला.

पुढचे आठ दिवस ताई मला टाळत होत्या. डेअरीवरून स्कूटरने आलो तरी ओरडल्या नाहीत. जिन्यातला दिवा दुपारी दोनला जळत होता आणि त्या त्याच्याखालून निघून गेल्या. शैला म्हणाली, "ताईंची तब्येत बरी नाही वाटतं. काल पेटी फिरवायला गेल्याच नाहीत. भात कच्चा राहिला, तसाच खाल्ला." मी विचारायला गेलो तर दाराआडूनच म्हणाल्या, "काय नाय. रविवारी सभा हाय ना? येते."

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. मी ठराव वाचला. तिसऱ्या मजल्यावरचे साळवी अनुमोदन द्यायला उठले, तेवढ्यात ताई मागच्या खुर्चीवरून उभ्या राहिल्या. "थांबा. सगळी वर चला."

"ताई, ठराव झाल्यावर जाऊ ना," साळवी म्हणाले. त्यांचे गुडघे दुखतात.

"ठराव झाल्यावर काय बघनार? आत्ता चला."

चार मजले चढून चाळीस माणसं धापा टाकत गच्चीवर आली. ताई त्या हिरव्या रेघांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच मी खाली वाकून नीट बघितलं. प्रत्येक रेघेच्या टोकाला बारीक अक्षरात महिना लिहिला होता. कार्तिक. मार्गेसर. पूस. माघ. "ही टावरची सावली. दुपारची, बारा वाजताची," ताई म्हणाल्या. "कार्तिकात हितं येते. मार्गेसरात हितं. पुसात बघा, पार हितपर्यंत. तुमचे पत्रे मास्तरांनी जिथं दाखवलेत ना, तिथं चार महिने ऊनच नाय. मे महिन्यात येऊन माप घेतल्यावर सगळीकडं ऊनच दिसनार की!"

साळवी हार मानणारे नव्हते. "अधिक महिना आला म्हणजे? तेव्हा महिने पुढे सरकतात."

"त्याची पांढरी रेघ हाय. तुम्ही तिच्यावर उभे हाव."

साळवी रेघेवरून बाजूला झाले. कुणीतरी विचारलं, "मग लावायची कुठे?"

ताई चालत चालत टाकीपलीकडे गेल्या. पेटी उघडी होती, आत तांदूळ ठेवलेले होते. त्यांनी पेटीचं झाकण बंद केलं आणि तिच्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "हितं."

मग त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मास्तरांनी नकाशा दाखवला त्याच दिवशी मला कळलं होतं. आठ दिवस गप बसले. वाटलं, माझी जागा वाचते ना, मग कशाला बोलू? तुम्हाला पुसात कळेल तवा कळेल. माझे किती दिवस ऱ्हायलेत, तेवढे काढते मी हितं. दुसऱ्यांचे दिवे बंद करत फिरते आनि स्वतः असा विचार केला. लाज वाटली मला." त्यांनी बंद झाकणावर हात ठेवला. "ह्या पेटीत एका घराचा भात होतो. हितं सगळ्यांचं पानी वर चढेल. बसवा."

मी वर्गात सत्तर मुलांसमोर कधी अडखळलो नाही. त्या दिवशी 'ठराव मंजूर' एवढे दोन शब्द बोलायला मला वेळ लागला.

मी पेटीसाठी दुसरी जागा शोधायला लागलो. टाकीच्या वरची जागा सुचवली, तर म्हणाल्या, "शिडीवरून पडले म्हंजे तुम्ही मला दवाखान्यात न्यायला स्कूटर काढनार. त्यापरीस नको." मग मी गुपचूप पॅनेल बसवणाऱ्यांना गाठलं आणि दोन रांगांच्या मधे पेटी मावेल एवढी जागा सोडायला लावली. काम पूर्ण झाल्यावर ताई बघायला आल्या. फटीपाशी थांबल्या. हाताच्या वितीने तिची रुंदी मोजली. पेटीची रुंदी त्यांना पाठ होती.

"ही कशाला?"

"साफसफाईला जायला वाट नको का?"

"एवढी रुंद?"

"साळवींचा आकार बघता..."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाय, मास्तर. हितं अजून एक पत्रा बसला असता." मग पॅनेलवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "एकदा उठले तिथून. आता परत नाय बसायची." पेटी घरी गेली. तिच्यात कांदे-बटाटे राहायला आले. ताई भाकरीच्या जोडीला भातही गॅसवर करू लागल्या, आणि 'भाकरीपुरता गुन्हा' हा शब्द त्यांच्या बोलण्यातून गेला. मला त्याचं वाईट वाटायचं. अजून वाटतं.

गच्चीवर जायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. बादली आणि जुन्या साडीचं फडकं घेऊन त्या आठवड्यातून दोनदा वर जायच्या आणि त्या फटीत उभ्या राहून पॅनेल पुसायच्या. पंप सुरू झाला की गॅलरीत येऊन ओरडायच्या, "शैला, भरून घे! उन्हानं चढवलंय पानी!" साळवींना त्यांनी रविवारी पुसायच्या कामाला लावलं. साळवी गुडघ्यांचं कारण सांगायचे, आणि ताई त्यांना फडकं द्यायच्या.

गेल्या पौषात त्या आजारी पडल्या आणि आठवड्यातच गेल्या. शेवटच्या भेटीला मी दवाखान्यात गेलो तेव्हा डोळे मिटून पडल्या होत्या. मी शेजारी बसलो, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "पत्रे पुसले?"

"हो ताई. कालच."

"खोटं बोलता येत नाय तुम्हाला."

मी घरी आलो, कपडेही न बदलता बादली घेऊन वर गेलो आणि सगळी पॅनेल पुसली. दुसऱ्या दिवशी हे त्यांना सांगायला गेलो, तर सांगायला उशीर झाला होता.

तेराव्याला त्यांचा मुलगा सुहास नाशिकहून आला होता. जेवण सोसायटीनेच करायचं ठरवलं. सकाळी सुहास पेटी घेऊन माझ्या दारात आला. आतले कांदे-बटाटे काढून त्याने ती पुसून आणली होती. "आईने सांगितलं होतं, ही मास्तरांना द्या. म्हणाली, त्यांना शिस्त लागेल." मी आणि शैलाने पेटी वर नेली आणि पॅनेलच्या मधल्या त्या फटीत ठेवली. तंतोतंत बसली. नैवेद्याचा भात तिच्यात लावला. खाली बाकीचा स्वयंपाक अकरालाच तयार होता.

दर अर्ध्या तासाने मी वर जात होतो. बारा वाजता पेटी फिरवायला वाकलो, तर टॉवरची सावली हळूहळू गच्चीवर सरकत आली होती. हिरव्या रेघेपाशी, जिथे 'पूस' लिहिलं होतं, तिथपर्यंत आली आणि थांबली. पलीकडे पॅनेल उन्हात होती आणि खाली पंप चालू होता. मी तिथेच बसून रडलो. मग डोळे पुसून भात बघितला. कच्चा होता.

खाली आलो तर पन्नास माणसं पानं मांडून बसली होती. भटजी घड्याळ बघत होते. साळवींनी विचारलं, "मास्तर, किती वाजतील?"

मी जिन्याच्या खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "उन्हाला विचारून सांगतो."

साडेतीन वाजले. एकही माणूस पानावरून उठला नाही.